आमच्या मंडळीची आई

महाडला आमची मंडळी कौलांच्या वखारीच्या माडीवर भरायची. खाली कौलांच्या थप्प्या, वर आम्ही. रविवारी सकाळी कुणी कौलं न्यायला आलं की उपासना चालवणाऱ्या प्रचारकांची प्रार्थना अगदी रंगात आलेली असताना खालून "फुटकं नको देऊ रे, फुटकं नको" असं ऐकू यायचं. प्रचारक डोळे मिटूनच जरा थांबायचे, खालचा व्यवहार मिटू द्यायचे आणि मग पुढं सुरू करायचे.

मंडळी म्हणजे चर्च. आमच्यात इमारतीला नाही, माणसांना मंडळी म्हणतात, आणि ते बरंच होतं, कारण इमारत आमची नव्हती. पोरंबाळं धरून चाळीसेक माणसं. काही एमआयडीसीतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, एक-दोन मास्तर, बाकी पोलादपूरकडच्या वाड्यांतून एसटीनं येणारी. आम्ही बाप्टिस्ट, म्हणजे आमच्यात तान्ह्या बाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होत नाही. माणूस मोठं झालं, त्याचं त्याला वाटलं, की त्याला पाण्यात अख्खं बुडवून वर काढतात. त्यानंतर तो सभासद, त्याला सभेत मत. माझा बाप्तिस्मा तोवर झालेला नव्हता. विश्वास नव्हता असं नाही. पण चारचौघांसमोर नखशिखांत ओलं होऊन नदीतून चालत बाहेर यायचं, त्यात वरून लोक गाणं म्हणणार, या विचारानंच मी दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायची.

मी तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून घरी आले होते. शाळा घाटावरची, इंग्रजी माध्यमाची, होस्टेलवर राहून. कॉलेजही बाहेरच. वडिलांना महाडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली म्हणून घर इथं आलं. गावात मला कुणी ओळखत नव्हतं आणि मला ते फार सोयीचं वाटे. मराठी मला वाचता यायचं, लिहिताही, पण बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असायचं.

एका रविवारी उपासना संपल्यावर प्रचारकांनी समितीचा निरोप सांगितला. आमच्यासारख्या लहान-मोठ्या मंडळ्यांची मिळून एक समिती होती. तिचा आमच्यावर हुकूम चालत नसे, कारण बाप्टिस्ट मंडळी आपला कारभार आपण बघते. पण प्रचारक ती नेमायची, त्यामुळे तिचं ऐकावं लागे. आमच्यात प्रत्येक मंडळीला एक आई असते, मातृमंडळी. जुन्या मंडळीतली काही माणसं नव्या गावी जातात, जुनी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांना मोकळं करते, पहिले बाप्तिस्मे तिचा पाळक, म्हणजे पास्टर, येऊन देतो. पुढं नव्या मंडळीत भांडण झालं, कुणी चुकीचं शिकवायला लागलं, तर आईनं येऊन बघायचं. समितीनं आता सगळ्यांना विचारलं होतं की तुमची आई कोण, आणि आईची आई कोण. आमच्याबद्दल कुणालाच काही सांगता येत नव्हतं. आणि ज्यांना आई नाही अशा मंडळ्या जवळच्या मोठ्या मंडळीत मिसळून टाकायच्या असं ठरलं होतं. आमच्या जवळची मोठी मंडळी पनवेलकडे होती.

"सकाळी एसटीनं तिकडं जाऊन उपासना करायची," वडील म्हणाले, "म्हणजे घरी येईपर्यंत सोमवार."

प्रचारकांनी हे सगळं आकाशवाणीवर हवामान सांगतात तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तसं झालं तर मला दुसरीकडे पाठवतील. विदर्भात जागा रिकामी आहे म्हणतात. प्रभूची इच्छा."

मागच्या सतरंजीवरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "प्रभूची कशाला? समितीची हाय ती."

त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. वहिनींचं माहेर पोलादपूरच्या पलीकडचं. आई म्हातारी, भाऊ मुंबईला, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी वहिनी एसटीनं आईकडे जाऊन पाणी भरून, भाकऱ्या टाकून यायच्या. शिवाय महाडात एका वस्तीत त्यांनी बालवाडी सुरू केली होती, आणि पहिली दोन वर्षं दारोदार जाऊन पोरं गोळा केल्यावर आता कुठे आया आपण होऊन पोरं आणून सोडायला लागल्या होत्या. विदर्भ हा शब्द ऐकल्यापासून वहिनी ज्याला त्याला सांगत होत्या की आपल्याला उन्हाळा सोसत नाही.

तर आई शोधायची होती, समितीचे चिटणीस चौकशीला यायच्या आत. आणि तिचा इतिहास इंग्रजीत लिहून द्यायचा होता, कारण समितीत दक्षिणेकडचे सभासद होते, त्यांना मराठी येत नसे.

"आमची मुलगी इंग्रजी शाळेत शिकलीय," वडील म्हणाले.

मी सतरंजीचा दोरा ओढत होते. तो तसाच हातात राहिला.

माहिती मिळवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. माहिती देणारे दोघं होते आणि दोघंही थांबत नव्हते. एक गिरणीकाका. ते मुंबईला कापडगिरणीत होते, संप फसल्यावर गावी परत आले होते आणि आता इथं एका कारखान्यात रखवालदारी करत होते. दुसरे गुरुजी, वाईकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. काकांच्या मते आमची आई मुंबईची, लालबाग-परळच्या बाजूची मंडळी. गुरुजींच्या मते घाटावरची.

"अरे भाई, सिंपल गोष्ट आहे," काका म्हणाले. "इथली माणसं कामाला कुठे गेली? बंबईला. देव कुठे भेटला? बंबईला. सुट्टीत गावी आली तेव्हा देवाला काय तिकडेच ठेवून आली?"

"आणि घाट काय ओस पडला होता?" गुरुजी म्हणाले. "आमच्याकडचे पाळक पायी आंबेनळीचा घाट उतरून येत. पायी! तुमचे पाळक बोटीनं येत, बोटीनं. बाणकोटला उतरायचे, जेवायचे, झोपायचे."

"पण यायचे ना?"

"जेवायला."

मी वहीत लिहिलं: मुंबई, प्रश्नचिन्ह. घाट, प्रश्नचिन्ह. मग दोघांचं बाप्तिस्म्यावरून जुंपलं, आणि तिथं मला पहिल्यांदा काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं.

काका म्हणाले, त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा पाठीवर होतो. चर्चमध्येच व्यासपीठाखाली हौद असतो, पायऱ्यांचा, फरशी बसवलेला. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात, माणसाच्या पाठीला हात लावतात आणि खाटेवर निजवल्यासारखं त्याला मागं निजवतात. थडग्यात ठेवायचं आणि उठवायचं, असा त्याचा अर्थ. गुरुजी म्हणाले, घाटावर हौद कुठला? ओढ्याला गुडघाभर पाणी, तेही गार. माणूस गुडघे टेकतो, हात जोडतो आणि पाळक मानेवर हात ठेवून त्याला पुढे वाकवतात, तोंड पाण्यात. नम्रता म्हणजे काय, ती ही.

"तोंडावर पाडायचं म्हणजे नम्रता?" काका म्हणाले.

"आणि उताणं पाडायचं म्हणजे?"

मला वाटलं, चला, हे सोपं आहे. माणसं आपल्या मंडळीबद्दल काहीही सांगतील, पण आपल्याला कसं बुडवलं हे कोण विसरेल? जुन्या सभासदांना विचारायचं. पाठीवर असेल तर मुंबई, तोंडावर असेल तर घाट. कॉलेजात संशोधन शिकवलं होतं ते हेच असावं.

एकच अडचण होती की विचारायला मला जायला लागणार होतं. अनोळखी घरात शिरून, पाणी पिऊन, तुम्हाला उताणं बुडवलं की पालथं, असं विचारायचं. मी वाक्य चार-पाच प्रकारांनी जुळवून बघितलं. सगळ्याच प्रकारांत ते वाईट ऐकू येत होतं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "तू नुस्ती बस गो माज्यासंगं. मी इचारते, तू लिव."

आणि त्या विचारायच्याही कशा! दारातूनच, चप्पल काढता काढता: "काय ओ मामा, पाठीवर का तोंडावर?"

पहिले मामा म्हणाले, "काय?"

"बाप्तिस्मा ओ."

"असं होय. पाठीवर." त्यांनी बसल्या जागी मागं कलून दाखवलं. मामी आतून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "माझा तोंडावर."

"म्हणजे वेगवेगळ्या दिवशी?" मी विचारलं. त्या भेटीतलं माझं हे एवढंच वाक्य.

"छे, एकाच दिवशी. आधी हे, मग मी."

"पाळक कोण होते?"

"ते आता गेले. इथलेच प्रचारक होते तेव्हाचे."

"मग एकाच माणसानं एकाला असं नि एकाला तसं का बुडवलं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा. "आपल्यात तसंच असतं," मामा म्हणाले.

पुढच्या घरी एका बाईंचा पाठीवर झाला होता, तिच्या दिराचा तोंडावर. त्याच्या पुढच्या घरी बाप आणि मुलगा दोघं तोंडावर, मधला चुलता पाठीवर. मी वहीत बाणांच्या खुणा काढायला लागले, वरचा बाण, खालचा बाण. आठवड्याभरानं ते पान बाजारातल्या भावासारखं दिसायला लागलं आणि त्यातून काहीच कळेना. एक मात्र कळलं. महाडला नदीत मगरी असल्यामुळे सगळे बाप्तिस्मे पहिल्यापासून वर पोलादपूरजवळच्या डोहात व्हायचे. याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत होतं.

"मग ठरवून टाकू," गुरुजी पुढच्या सभेत म्हणाले. "मत घ्या. बाप्टिस्ट आहोत, मतानं ठरवू."

"आई कोण ते मतानं?" प्रचारक म्हणाले.

"दुसरा उपाय आहे का?"

मत घेतलं. बरोबर निम्मे हात मुंबईला, निम्मे घाटाला. प्रचारकांनी हात वर केला नाही, ते म्हणाले त्यांना ते बरं दिसणार नाही. मग सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्याकडे आली. खोलीतली बाप्तिस्मा न झालेली मोठी व्यक्ती मी एकटीच होते.

"उद्या हिला डोहावर न्या," काका म्हणाले, "परवा मत घेऊ."

"पाठीवर नेणार की तोंडावर?" गुरुजींनी लगेच विचारलं. "तिथंच ठरेल सगळं."

प्रचारक एरवी कधी रागवायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "मतासाठी बाप्तिस्मा होत नसतो," आणि सभा संपवली. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

जिन्यावरून उतरल्यावर वहिनी खाली कौलांच्या थप्पीशी थांबून म्हणाल्या, "एक म्हातारी हाय. पयल्या बाप्तिस्म्यातली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला वाडीवर ऱ्हाते. गुडघे गेल्यापासून ती उपासनेला येत नाय, म्हनून कुनाच्या ध्यानात नाय. आईकडं जाताना नेते तुला."

पोलादपूरच्या स्टँडवर उतरून आम्ही बरंच चाललो. वहिनींनी एका हातात आईसाठी रॉकेलचा डबा घेतला होता, तो मला घेऊ देत नव्हत्या. वाडीवर पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात बसून फणसाचे गरे सोलत होती. हाताला खोबरेल तेल लावलेलं. सून आणि मुलगा शेतावर. वहिनींनी ओळख करून दिली, ही आपल्या मंडळीतली, इंग्रजी शिकलेली.

"बुडली का?" म्हातारीनं विचारलं.

"नाय अजून."

"मगरीला भिते का?"

"लोकांना भिते," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं नव्हतं त्यांना हे माहीत असेल.

म्हातारी हसली आणि माझ्यापुढे गरे सरकवले. मग वहिनींनी सरळ विचारलं. "आजी, तुला पयल्यांदा बुडवली ती कुनी? मुंबैवाल्यांनी का घाटावरल्यांनी?"

"दोगांनी."

"दोगांनी तुला?"

"मला घाटावरल्यानं. माज्या घरवाल्याला मुंबैवाल्यानं." तिनं गऱ्यातली आठळी काढून बाजूच्या टोपलीत टाकली. "त्याचं काय झालं, आमी दोगंच होतो तवा. माजा घरवाला मुंबैला कामाला, त्याची मंडळी तिकडं. मी म्हायेरची घाटावरची, माजी तिकडं. आमी ठरवलं बाप्तिस्मा हितं आपल्या नदीत घ्यायचा. त्यानं त्याच्या पाळकाला सांगितलं, मी माज्या. दोगं एकाच दिवशी आले की गो! एक खालच्या गाडीनं, एक वरच्या. दोगांच्या पिशवीत बाप्तिस्म्याची पांढरी कापडं."

"मग भांडण झालं?" मी विचारलं. वाक्य न जुळवताच.

"भांडन झालं असतं तर बरं झालं असतं. हा म्हनतो, तुमचा मान, तुमी द्या. तो म्हनतो, नाय नाय, तुमी वयानं मोटे. हा पान्यात, तो पान्यात, आमी दोगं मदी उभी. हिवाळ्याचे दिस. माजे दात वाजत होते. शेवटी माजा घरवाला म्हनला, ओ पाळकसाब, कोन तरी बुडवा, नायतर आमी घरी जातो."

वहिनी हसून हसून अंगणात खालीच बसल्या. रॉकेलचा डबा कलंडता कलंडता राहिला.

"मंग जेवले दोगं आमच्या घरी," म्हातारी म्हणाली. "एकमेकाला वाढत होते. नि गेले."

"आणि नंतर? परत कोण आलं बघायला?"

"कोन नाय आलं." तिनं दुसरा गरा उचलला. "ह्याला वाटलं तो बघेल. त्याला वाटलं हा."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून वहीतले बाण बघत होते. आता त्यांचा अर्थ लागत होता. पहिल्या जोडप्यानं जसं घेतलं तसंच पुढं चालू राहिलं होतं. मुंबईकडे विश्वास धरलेल्या माणसाचा पाठीवर, घाटाकडे धरलेल्याचा तोंडावर, मग घर एकच का असेना. इथले प्रचारक बिचारे ज्याचं त्याचं वळण राखत होते. आणि आमच्या मंडळ्यांमध्ये दुसऱ्याची मेंढरं, म्हणजे दुसऱ्या मंडळीची माणसं, पळवणं याहून वाईट आरोप नाही. एकमेकांना गुडघ्यावर की पाठीवर यावरून आयुष्यभर टोचतील, पण दुसऱ्याच्या माणसावर हक्क सांगणार नाहीत. त्या दोन पाळकांनी घरी जाऊन आपापल्या मंडळीला काय सांगितलं असेल ते मला दिसत होतं. चांगली माणसं आहेत, पण ती त्यांची आहेत, आपण मधे नको.

मी दोन पत्रं टाकली, एक मुंबईला, एक घाटावर. दोन्हीकडून फार गोड उत्तरं आली. मुंबईनं लिहिलं की महाडची मंडळी आमच्या घाटावरच्या बांधवांची आहे असंच आम्ही समजत आलो, तरी चिटणीस येणार आहेत तर आमचे एक वडील पाठवू. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारं जाणतं माणूस. घाटावरून तेच, फक्त उलट.

वहिनींनी दोन्ही वाचून घेतली आणि म्हणाल्या, "बघ. दोगी आया म्हनतात, पोर तिचं हाय. नि आमाला पाटवतायत विदर्भात."

चिटणीस आले त्या रविवारी माडीवर जागा पुरली नाही. ते उंच, सावकाश बोलणारे, पायजमा आणि कोट अशा वेशातले गृहस्थ होते. होती ती एकच खुर्ची त्यांना दिली. मुंबईचे वडील सतरंजीच्या या टोकाला, घाटाचे त्या टोकाला. मधे आम्ही. म्हातारीला वहिनींनी आदल्या दिवशीच एसटीनं आणून आपल्या घरी झोपवलं होतं, ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मागच्या पत्र्याच्या पडवीत कोंबडीचा रस्सा शिजत होता आणि त्याचा वास उपदेशाच्या मध्यापासून आमच्यात येऊन बसला होता.

"तर इतिहास," चिटणीस म्हणाले.

मी उभी राहिले आणि इंग्रजीतलं पहिलं वाक्य वाचलं. फार चांगलं वाक्य होतं. मुंबईचे वडील नम्रपणे हसले. घाटाचे वडील म्हणाले, "पोरी, आम्हास्नी कळंल असं सांग की."

कागदावर सगळं इंग्रजीत. मी कागद खाली केला. काय जुळवणार? म्हातारीनं सांगितलं तसंच सांगून टाकलं, तिच्याच शब्दांत, नदी, दोन पिशव्या, दात वाजणं, तुमी द्या, नाय तुमी. शेवटचं वाक्य झालं आणि मी खाली बसले.

घाटाच्या वडिलांनी मुंबईच्या वडिलांना विचारलं, "म्हंजी तुम्ही घेतलं न्हवतं ह्यांना?"

"नाही. आम्ही तर समजलो तुम्ही घेतलं."

"आम्ही कसं घेणार? तुमच्या माणसाला हात लावला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"काहीच म्हणालो नसतो! आनंदच झाला असता."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही तरी सांगायचं!"

चिटणीसांनी हात वर केला. "ठीक आहे. झालं ते झालं. एक आई ठरवू. आज इथं जबाबदारी कोण घेतं?"

"आम्ही," दोघंही म्हणाले.

मग मात्र गंमत सुरू झाली. इतकी वर्षं ज्या दोन मंडळ्या एकमेकींना "तुमचीच, तुमचीच" म्हणत होत्या, त्या आता "आमचीच" म्हणायला लागल्या. मुंबईच्या वडिलांनी सांगितलं की पहिला सभासद पुरुष होता आणि तो मुंबईचा. घाटाच्या वडिलांनी विचारलं की बाई सभासद नसते काय. गिरणीकाका उठून मुंबईच्या मागे जाऊन बसले. गुरुजी घाटाच्या मागे होतेच.

"आधी पाण्यातून वर कोण आलं ते सांगा," चिटणीस म्हणाले. त्यांना वाटलं असावं की हा निकाली काढणारा प्रश्न आहे. सगळे म्हातारीकडे वळले.

"आजी," वहिनी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "पयलं कोन? तू का तुजा घरवाला?"

"एकदमच," म्हातारी म्हणाली.

"एकदम कसं?"

"कोन पयलं देनार ह्याच्यावरूनच अडलं होतं ना? मंग दोगांनी एक-दोन-तीन म्हनलं. नि बुडवली एकदम."

गिरणीकाका आडवे पडून हसायला लागले. प्रचारकांनी तोंडावर रुमाल धरला. माझे वडील माझ्याकडे बघत होते, जणू मीच ती नदीतली मोजणी केली होती.

चिटणीस बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग दोन्ही वडिलांना म्हणाले, "तुमच्या दोन मंडळ्यांनी आपसात बसून ठरवा. ठरेपर्यंत मी काही लिहीत नाही. ज्या मंडळीवर दोन हक्कदार आहेत ती मला तिसरीकडे मिसळता येत नाही."

"आमच्यात ठरायला काय अडचण न्हाई," घाटाचे वडील म्हणाले. "ह्यांनी समजून घेतलं की झालं."

"समजून तुम्ही घ्यायचं आहे," मुंबईचे वडील म्हणाले. "वर्षातून दोनदा आमचा माणूस इथं येईल. लिहून घ्या."

"आमचा तीनदा."

वहिनी दारात उभ्या होत्या. एका हातात डाव होता. त्यांनी चिटणीसांना विचारलं, "म्हंजे आमी जायचं नाय?"

"तूर्त तरी नाही."

"तूर्त म्हंजे किती?"

चिटणीसांनी सतरंजीच्या दोन टोकांकडे बघितलं. तिथं आता पायी घाट उतरण्याचा आणि बोटीचा विषय निघाला होता. "यांचं एकमत होईपर्यंत," ते म्हणाले.

वहिनींनीही तिकडे बघितलं. पदर खोचला.

"मंग अजून तांदूळ टाकते," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.